वाचलेल्या हळदीची बातमी

शिजवलेली हळद खळ्यात पसरून बारा दिवस झालं व्हतं. एक-दोन दिवसांत पोती भरून सांगलीच्या बाजारात न्यायची, आणि नेमका तवाच आमच्या कुंडल गावात हा यशराज उगवला. पुण्याच्या कुठल्याशा चॅनेलचा, संगं कॅमेरावाला. मला म्हणतो, "आजी, हवामान बदलावर एक बाईट द्या."

मला ऐकू आलं 'वाईट द्या'. म्हणलं, "वाईट कशाला? घरात चांगलं हाय की. गूळ देते, शेंगा देते."

कॅमेरावाला पोट धरून हसला. मग यशराजनं समजावलं, बाईट म्हणजे कॅमेऱ्यापुढं दोन वाक्यं बोलायची. बोलले की मी. आता पाऊस कवाबी येतो, म्हणून मोबाईलवर हवामानाचा मेसेज आला की आमी ताडपत्री बाहेर काढतो. आजबी काढलीया. त्याला काय ते गोड लागलं न्हाई. म्हणला, "आजी, जरा डोळ्यांत पाणी आणता येईल का?"

"आणते की. कांदा दे चिरायला."

एवढ्यात वारं सुटलं, थेंब पडायला लागलं. आमचं मालक एकलंच ताडपत्री ओढाय धावलं. आणि हा पठ्ठ्या म्हणतोय, "पाच मिनिटं थांबा, जरा भिजू द्या, व्हिज्युअल चांगला येईल." माझं डोस्कंच सणकलं. ताडपत्रीचं एक टोक त्याच्या हातात कोंबलं, दुसरं कॅमेरावाल्याच्या. "धरा. सोडली तर बघा." दोघं चिंब भिजलं, हळद कोरडी ठणठणीत.

संध्याकाळी टीव्हीवर तेच खळं, खाली लाल पट्टी: 'अवकाळीने हळद मातीमोल'. सकाळी सांगलीच्या अडत्याचा, भाऊसोचा फोन. "आवं मावशी, टीव्हीवर बघितलं. भिजलेली हळद आणू नका, कोण घेणार न्हाई."

वरसाचं पीक एका पट्टीनं बुडायला लागल्यावर गप्प कशी बसू? यशराजला फोन लावला. "लेका, हळद कोरडी हाय हे तूच येऊन सांग." आला बिचारा, टेम्पोत पोत्यांवर बसून सांगलीला आला. भाऊसोनं हळकुंड मोडलं, कटकन वाजलं. "कोरडी हाय की," म्हणला, आणि सौदा लावला.

मी यशराजला म्हणलं, "काढ आता ह्याचा व्हिज्युअल."

त्यानं मान खाली घातली. "काढीन आजी, पण चॅनेल लावणार नाही. वाचलेल्या हळदीची बातमी होत नसते."

मला लय वाईट वाटलं. म्हणलं, "त्याच पावसात आमच्या गल्लीत चार घरांची हळद भिजली. तीबी माणसं रोज तुझाच चॅनेल बघत्यात रं. मेसेज बघून ताडपत्री कवा काढायची, ते त्यांना कुणी दावलंच न्हाई."