माघारी आलेली ओटी

"आली! ओटी माघारी आली!" घाटावर एकच गलका उठला.

पंचगंगेत सोडलेलं सूप, खण-नारळासकट, खाली कुरुंदवाडकडे वाहत जाण्याऐवजी उलटं वर सरकत पायरीला येऊन टेकलं. बायका हात जोडून रडू लागल्या.

"बघितलंत?" जलनाथ महाराज गरजले. पूर थांबवणारे महाराज. पावसाला मात्र छत्री लागत होती. "माई तृप्त झाली, प्रसाद धाडला! पाणी आजच उतरणार. जो वेस ओलांडेल, तो माईचा गुन्हेगार!"

वेशीवर सरकारी बोट रिकामी उभी होती. घरी सोप्यात माझी सून राजनंदिनी बसून होती, दिवस भरलेली. तिला हलवायचं म्हटलं की मुलगा उदयसिंह आडवा येई.

घाटावर तो शेजारीच उभा होता. "उदय, पाणी गोठ्याला लागलंय रे."

"आई, महाराज काय म्हणाले ऐकलं न्हाईस व्हय? आणि दोन हजार पाचच्या पुराच्या खुणेला तरी कुठं लागलंय?"

"एकोणीसला ती खूण बुडाली की!"

मी दरसाल नदीची ओटी भरते. माझा एकही शुक्रवार चुकलेला नाही. पण आजवर माझा नारळ कधी माघारी आला नव्हता. म्हणूनच ते सूप बघून मी दोन पायऱ्या मागे सरले.

तेवढ्यात हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या क्रांतीबाई पुढे झाल्या. पायातली रबरी चप्पल काढून त्यांनी पाण्यात टाकली.

"अवो बाई, इटाळ!" कुणीतरी ओरडलं.

चप्पल डुलत डुलत सुपाच्याच वाटेनं आली आणि पायरीला लागली.

"महाराज, माईनं माझी चप्पल बी प्रसाद म्हणून धाडली काय?"

गर्दीत हसू फुटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "ह्यो फुगवटा हाय. खाली कृष्णा तुडुंब. आपलं पाणी तिच्यात शिरंना, म्हणून मागं ढकललं जातंय. ओटी माघारी आली म्हणजे पाणी उतरणार न्हाय, चढणार! धरणातनं सोडलेलं पाणी तर अजून पोचायचं हाय."

"नास्तिकांची जीभ..." महाराज सुरू झाले.

"तुमची गाडी कुठं हाय, महाराज?" मी विचारलं.

उत्तर रिक्षावाल्या बाळासोनं दिलं. "वर माळावर की! तोंड हमरस्त्याकडं करून लावलीया."

मी महाराजांपुढे जाऊन उभी राहिले. "माई माझीबी हाय. तिच्या नावानं माझी पोटुशी सून बुडवायला निघालास? लाज न्हाय वाटत?"

उदयसिंह घराकडे पळाला आणि बायकोला उचलून बोटीत घेऊन आला. मागोमाग सगळा गाव निघाला. संध्याकाळी सोप्यात, राजनंदिनी बसली होती तिथं, छातीइतकं पाणी होतं.

पाऊस आता पूर्वीसारखा रमतगमत येत नाही. महिन्याचा चार दिवसांत कोसळतो. जुन्या खुणांवर विसंबू नका. धरणात पुराला जागा ठेवली का, दोन्ही नद्यांची पातळी बघून पाणी सोडता का, पूररेषेत भराव कुणी घालू दिला, हे अधिकाऱ्यांना खडसावून विचारा. महाराजांना कसलं विचारता?

आणि बायांनो, ओटी जरूर भरा. मीही भरणार. पण ती माघारी आली, तर हात जोडत बसू नका. पोरंबाळं घ्या आणि बोटीत चढा.