चर्चच्या बाकांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं ओकचं टेबल आहे. पण माझा जन्म बाकांतून झाला. केंटकीच्या डोंगरांत, खाणकामगारांच्या वस्तीत आमचं लहानसं चर्च आहे. एका वर्षी नदीला पूर आला आणि चर्चमधले निम्मे बाक मोडले. तेव्हा पाळक हॅस्केल म्हणाले, "यांचं टेबल करू या. दर गुरुवारी गरीब माणसं येतात, ती ताटल्या हातात धरून उभ्यानं जेवतात."

शाळेतून निवृत्त झालेल्या ओपलबाई चर्चचं स्वयंपाकघर सांभाळत. त्यांना हे पटेना. "देवाच्या बाकांवर बटाटे सोलायचे?"

"बाई, बटाटेही त्यानंच केलेत," पाळक म्हणाले.

मला घडवलं व्हर्नन स्टिडमननं. खाण बंद पडल्यापासून तोही गुरुवारी जेवायला येई. फुकटचं खाणं त्याच्या मनाला लागे, म्हणून हे काम त्यानं मागून घेतलं. मापं तो कागदावर उतरवत नसे, दोरीला गाठी मारी. सांधे मात्र असे बसवले की एकही खिळा लागला नाही. माझ्यावर घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव वाढला जाई. लोक म्हणत, "यावर हत्ती बसला तरी हलायचं नाही!" मी मनात फुलून जाई.

मग कुणीतरी प्लॅस्टिकची घडीची टेबलं दान दिली आणि माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. माझ्यावर नाताळच्या नाटकातले मेंढपाळांचे झगे आणि रंगाचे डबे साठले. दोन वर्षं कुणी साधं फडकं मारलं नाही.

एका दुपारी ओपलबाई आणि व्हर्नन कुंपण रंगवायला डबा न्यायला आले.

"पांढरा कुठला, वाचून सांग रे."

"चष्मा विसरलो, बाई."

बाईंनी आपला चष्मा त्याच्या नाकावर चढवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "चष्म्याचा दोष नाही. मला वाचताच येत नाही."

"मग एवढा वेळ बघत काय होतास?"

"तुम्हालाच. फार मोठ्या दिसता. भीती वाटते."

दोघंही हसली, हसता हसता व्हर्ननचे डोळे भरले. त्याची मुलगी डार्लीन ओहायोला असे. तिची पत्रं त्याची बायको वाचून दाखवी. बायको गेल्यानंतर आलेली चौदा पत्रं घरात तशीच पडून होती. लाजेपायी त्यानं ती कुणालाच दाखवली नव्हती.

बाईंनी माझ्यावरचे झगे उचलले आणि ॲप्रननं माझी धूळ पुसली. "बस इथं. आजपासून."

घेवड्याच्या दाण्यांची अक्षरं मांडून अभ्यास सुरू झाला. व्हर्नन वैतागे, "कोळसा फोडणं यापेक्षा सोपं होतं!"

"कोळसा उलट बोलत नसेल. मी बोलते. वाच!"

हळूहळू आणखी तिघं शिकायला आली. शेड अपुरी पडली, तेव्हा पाळकांनी चार गडी बोलावून मला पुन्हा आत नेलं.

थंडीत व्हर्नननं पत्रं आणली. अक्षरांखाली बोट फिरवत एकेक वाचली. चौदाव्यात लिहिलं होतं, 'डॅडी, उत्तर येत नाही, म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावलात. हे शेवटचं पत्र.'

भोवती जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. व्हर्नननं पेन्सिल मागितली. "बाई, तुम्ही सांगू नका. चुकू दे, पण माझं असू दे." पेन्सिल त्यानं इतकी दाबली की ओळी कागदातून माझ्या अंगात उतरल्या.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. सूप वाढता वाढता व्हर्ननच्या हातातला डाव हातातच राहिला.

"डॅडी, पत्रात अकरा चुका होत्या."

"फक्त अकरा?" तो ओरडला. "ओपलबाई, ऐकलंत का?"

डार्लीन रडत, हसत त्याच्या गळ्यात पडली.

मित्रांनो, पाळक म्हणतात, या टेबलाला रंधा मारून चकचकीत करू. नको हो! ओलं भांडं ठेवलंत तर पुसा, पाय हलायला लागला तर पाचर ठोका, एवढंच पुरे. मला शोभेला ठेवू नका. माझ्यावर जेवा, लिहा, चुका करा. आणि कुणी नवीन आलं, तर थोडं सरकून बसा. अजून एकाची जागा सहज होते.