आधी उतार

तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या वहिनींच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला. वहिनींनी सोसायटीकडे एकच मागणी केली: दारातल्या तीन पायऱ्यांवर उतार बांधा. त्यात दोन स्कूटरची जागा जाणार होती. सेक्रेटरी सभेत म्हणाला, "एकट्याच्या गरजेपायी सगळ्यांच्या हक्कावर गदा आणता येत नाही." वहिनींच्या बाजूनं एकच हात वर झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचा. उतार नामंजूर, असा ठराव सेक्रेटरीनं स्वतःच्या हातानं लिहिला. नवऱ्यानं पुढची चार वर्षं खिडकीतून रस्ता पाहिला आणि तिथेच डोळे मिटले.

मग सेक्रेटरीचा खुबा मोडला. घर चौथ्या मजल्यावर. सोसायटीनं लगेच लिफ्ट मंजूर केली, पण लिफ्टचा खड्डा नेमका वहिनींच्या मालकीच्या मागच्या अंगणात येत होता. त्यांच्या सहीशिवाय पान हलेना. सेक्रेटरीनं वरूनच फोन केला.

"वहिनी, समाजाचं काही देणं लागतो आपण."

"लागतो ना. पण अंगण माझ्या हक्काचं आहे. जुना ठराव काढून वाचा, तुमच्याच अक्षरात आहे."

फोन ठेवून वहिनी कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्या.

महिन्याभरानं नर्सबाईंनी त्यांना वर बोलावलं. गुडघ्यांमुळे त्याही घरातच अडकल्या होत्या. "त्याला कोंडतेस तर कोंड गं," त्या म्हणाल्या, "पण मी तुझं काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सही केली, पण लेखी अट घालून: आधी उतार, मग लिफ्ट. गवंड्यानं उतार बांधला की त्या नवऱ्याची रिकामी खुर्ची ढकलून बघायच्या. "फार चढ आहे. फोडा." दोनदा फोडायला लावला. चौथ्या मजल्यावरून सेक्रेटरी खाली बघत दात-ओठ खायचा. नर्सबाईंचं दूध, भाजी, औषधं मात्र वहिनी रोज स्वतः जिने चढून पोचवत.

अखेर लिफ्ट सुरू झाली. सेक्रेटरी काठी टेकत खाली आला, वहिनींच्या दारात थांबला, काहीतरी पुटपुटला. माफीच असावी. वहिनींनी मशीन थांबवलं नाही. तो गेल्यावर आत बसलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "गेला का गं राग?"

"नाही," दोरा दातानं तोडत वहिनी म्हणाल्या. "पण हे चार महिने फार गोड गेले."