सिंगारीचं दावं

"गाभण राहत नाही, दूध देत नाही, अन उगाच वैरण खाते. देऊन टाक गे, अक्का," माझा धाकटा भाऊ व्यंकोजी गोठ्याच्या दारातून म्हणाला. आमचे वडील, अप्पा, नुकतेच गेले होते; त्यांचे दिवस चालू होते. मुंडण केलेली त्याची टाळू घामाने चमकत होती.

"अप्पा धड होते तेव्हां ती बोलावीत होती," मी म्हणाले.

गाय माजावर आली की अप्पा एवढंच म्हणत, सिंगारी बोलावते. ते अंथरुणाला खिळले आणि ती मुकी झाली.

"तेराव्यानंतर गुरांचा दलाल येतो. तवर बोलावली तर ठेव," व्यंकोजी म्हणाला.

मी कुंभकोणमहून गुरांचे डॉक्टर जानकीरामना बोलावलं. त्यांनी औषधाची रबरी पट्टी सिंगारीच्या आत बसवली. शेपटाखाली दोरा लोंबत राहिला.

"ही आत आहे तोवर माज थांबून राहतो," ते तमिळमध्ये म्हणाले. "काढून सुई दिली, की येईल."

आत्या माझी गोळी अन पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "म्हणजे पंकजाची गोळीच की," ती म्हणाली, तीही तमिळमध्येच. "हीही थांबूनच आहे. दिवसांत दूर झाली तर पिंडाचा भात कोण शिजवील?"

दूर. पाळीला आमच्या मराठीत अन त्यांच्या तमिळमध्ये हा एकच शब्द. डॉक्टर हात धुऊ लागले. व्यंकोजी बांधापलीकडच्या चिखलाकडे पाहत राहिला. मी त्यांच्यासमोर गोळी गिळली, आणि उगाच पदर ओढून घेतला.

तेरावं झालं. सिंगारीची पट्टी निघाली, माझ्या गोळ्या संपल्या. दलाल यायच्या दिवशीच सकाळी ती अशी हंबरली, की अस्कं गाव, सगळं इन्नंबूर, जागं झालं.

आत्या धावत आली. मी परसात वेगळ्या चटईवर बसले होते.

"तू इथे कां गे?"

"दूर आहे."

"दोघी बरोबरच सुटल्या म्हण की."

डॉक्टर कृत्रिम रेतन करायला आले. व्यंकोजीने दावं धरताच सिंगारीने शिंग उगारलं. अप्पांनंतर ती माझ्याखेरीज कोणाला जवळ येऊ देत नव्हती.

"अम्मा धरतील ना?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

आत्याने व्यंकोजीकडून दावं घेतलं. माझ्या हाती दिलं नाही. दूर बसलेलीचं ताट ठेवतात तसं मातीवर ठेवलं, मागे सरली.

"शिवलीस तर आंघोळ मज," ती म्हणाली. "गायीला नव्हे."

मान वर न करता मी ते उचललं. सिंगारी हलली नाही.

फाटकाशी दलालाची गाडी थांबली, तशी त्याला परत धाडायला आत्याच पुढे गेली.