चेहरा तोच ठेवायचा

“स्वतःचं भविष्य न कळणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे,” अप्पांनी जाहीर केलं, “आणि तो जगातलं कुठलंही विज्ञान हिरावून घेऊ शकत नाही!”

“आधी स्टुलावरून उतरा,” त्यांची बायको खालून म्हणाली. “एक पाय हलतोय त्याचा. तुमचं भविष्य मला इथून स्वच्छ दिसतंय.”

अप्पा बल्ब न बदलताच उतरले.

अप्पांचं चष्म्याचं दुकान. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांना तोंडावर सांगितलं होतं, “नंबर वाढलाय.” रुसणाऱ्यांना, भांडणाऱ्यांना, घरून तक्ता पाठ करून येणाऱ्यांनाही. स्वतःबद्दल मात्र त्यांना काहीही ऐकायचं नव्हतं.

प्रश्न डोळ्यांचा नव्हता. अप्पांच्या वडिलांना एक आजार होता. पन्नाशीच्या आसपास आधी शरीर ऐकेनासं होतं, मग डोकं. हा आजार रक्तातून उतरतो. अप्पांच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि असलाच तर लेकीत उतरण्याची पुन्हा निम्मी. एका तपासणीत कळतं. तिचं नाव काढलं की अप्पांना दुकानात तातडीचं काम निघे.

लेकीचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. ती म्हणाली, “मुलं होऊ द्यायची की नाही, हे मला आत्ता ठरवायचंय. मी तपासणी करून घेणार. तुम्ही खुशाल अंधारात राहा.”

यातली मेख आईने पकडली. “हिच्यात निघाला, तर तुमच्यात आहेच. आजोबांकडून तो तुमच्या डोक्यावरून उडी मारून थोडाच येणार? आणि हिच्या पोटात काही राहतं का? हिचा चेहरा म्हणजे दवंडी!”

शेवटी तह झाला. निकाल काहीही येवो, लेकीने घरात चेहरा एकच ठेवायचा. हसायचं नाही, रडायचं नाही. दुकानात आरसे चिक्कार. लेक रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे बसून सराव करू लागली. पहिला चेहरा बघून आई म्हणाली, “ओकारी आल्यासारखी दिसतेयस.” चौथ्या दिवशी जमला. “आज साहेब नाहीत, उद्या या” म्हणताना कचेरीतल्या कारकुनाचा असतो, थेट तसा.

निकाल आला. लेक तो चेहरा लावून घरी आली, तो लावूनच जेवली. होणाऱ्या नवऱ्याचा फोनही तिने तोच चेहरा लावून घेतला. फोनवर चेहरा दिसत नाही, हे तिला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

इकडे अप्पांची भूक गेली.

“अहो, ठरलंय ना तसं,” बायको म्हणाली.

“ठरलंय गं. पण बातमी चांगली असती तर हिने ठरलेलं मोडलं नसतं का? आपल्या घरात शब्द पाळलाय कुणी?”

“तुम्हीच शिकवलंत तिला, दिलेला शब्द पाळायचा म्हणून. आता भोगा.”

आठव्या दिवशी अप्पांनी लेकीला दुकानातल्या पडद्याआड, डोळे तपासायच्या खोलीत बोलावलं. खुर्चीत बसवलं आणि दिवा घालवला.

“हे काय, अप्पा?”

“तुझा तो कारकून मला दिसायला नको. हे बघ ठमे, मी हक्काच्या मोठ्या गोष्टी केल्या आणि ओझं ठेवलं तुझ्या डोक्यावर. आठ दिवस एकटी वाहतेयस. सांगून टाक. मला कळलं तर कळू दे.”

“नक्की?”

“लवकर बोल, माझा विचार बदलायच्या आत.”

“माझ्यात नाहीये, अप्पा.”

 अंधारात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

“आणि हे तू आठ दिवस दाबून ठेवलंस?”

“शब्द दिला होता ना! गाल दुखले माझे. न्हाणीघरात नळ सोडून हसत होते.”

अप्पा हसायला लागले. हसता हसता थांबले. “म्हणजे मग माझ्यातही...?”

“ते यावरून नाही कळत. तुमच्यात असूनही माझ्यात आला नाही, असं होऊ शकतं. तुमचा हक्क शाबूत आहे.”

“अगदी?”

“ओरखडासुद्धा नाही.”

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात फिरवायला म्हणून अंधारात चाचपडलं. हाताला खुर्चीची पाठ लागली. त्यांनी तीच प्रेमाने थोपटली. “माझं काय व्हायचं ते होईल गं. तू सुटलीस ना, बास.”

पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं.

“मी काही ऐकलेलं नाही हो,” बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं. “अभिनंदन. आता तेवढी माझ्या चष्म्याची काडी सरळ करून मिळेल का?”