जित्यांच्या पानावरचा अकिम

लेओंतिनाच्या वहीत दोन पानं महत्त्वाची होती. डाव्या पानावर जिवंत माणसं, उजव्या पानावर मेलेली. वर्षातून चार शनिवारी वही चर्चमध्ये जायची. फादर डावं पान वाचून आयुष्य मागायचे, उजवं पान वाचून शांती मागायचे, आणि मग उजव्या पानावरच्या एकेकाच्या नावाने अंगणात कुणाच्या तरी हाती भरलेलं ताट द्यायचं. इथे देऊ तेवढंच तिकडे पोचतं, तिकडे वेगळी चूल नाही, हे स्तुपिना गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्यामुळे या वहीत चुका दोनच होण्यासारख्या होत्या, पण दोन्ही भारी. जिवंत माणूस उजवीकडे लिहिलात, की त्याला आपल्या हाताने खड्ड्यात लोटलंत. आणि मेलेला डावीकडे राहिला, की तो तिकडे दुसऱ्यांची ताटं बघत उपाशी बसला.

लेओंतिनाचा भाऊ अकिम सहासष्ट वर्षं डावीकडे होता.

१९५१च्या वसंतात तो एकवीस वर्षांचा होता, लेओंतिना तेराची. संध्याकाळी जाळं बघून येतो म्हणून नदीवर गेला, तो गेलाच. नदी म्हणजे डॅन्यूब. पलीकडे सर्बिया, आणि त्या काळी दोन्ही काठांवर बंदुका. पोरगा पळाला म्हणून जूनमध्ये शिपाई आले आणि उरलेल्या घराला मालगाडीत घालून पूर्वेच्या ओसाड मैदानावर सोडून आले. पाच वर्षांनी परत आले तेव्हा घराला छप्पर नव्हतं, पण आईच्या पोलक्यात वही होती. पुढे मरताना आईने ती लेओंतिनाच्या हातात दिली आणि बजावलं, "कागद नाहीतर प्रेत. दोन्हीतलं एक आल्याशिवाय माझ्या अकिमला हलवायचं नाही."

कागद आला नाही, प्रेत आलं नाही. गोष्टी मात्र भरपूर आल्या.

तानासेकाकाने सांगितलं की अकिम बुडाला, काठावर त्याचे बूट आपण या डोळ्यांनी पाहिले. अकिमच्या वाटणीचा द्राक्षमळा तेव्हा तानासेकाकाच कसत होता, हा आपला योगायोग. बूट आधी काळे होते, दहा वर्षांनी तपकिरी झाले. मार्गिओआलाआत्याच्या मते अकिम अर्जेंटिनात गुरं राखून गब्बर झाला होता. आत्याला उभ्या जन्मात परदेशातून एकही पार्सल आलं नव्हतं आणि आशा सुटत नव्हती. ज्याला जसा अकिम हवा, तसा त्याने घडवला होता. एकटी फिलोफ्तेयावहिनी गोष्ट सांगायची नाही. ती चुलतभावाची बायको, पण लग्नाआधी तीन रविवार ओळीने अकिमबरोबर नाचली होती, आणि गाव अशी गोष्ट साठ वर्षांत विसरत नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "जिवंत आहे मेला. कुठेतरी जाड होऊन बसला असेल."

लेओंतिना कुणालाच खोटं पाडायची नाही. ती ऐकायची आणि वही डावीकडे उघडायची.

नवे फादर चिप्रियान वयाने तिच्या नातवासारखे. ते एकदा दाढी खाजवत म्हणाले, "लेओंतिनाबाई, सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी दर वेळी 'आरोग्य लाभो' म्हणतो. माझी ना नाही. पण त्याला लाभतंय का, हे एकदा बघायला हवं."

"तुम्ही वाचा हो फादर. तुमचं काम वाचायचं. जगायचं काम त्याचं."

उत्तर चोख होतं. घरी येताना मात्र चढावर ती दोनदा थांबली. ती स्वतः एकोणऐंशीची झाली होती. आज ना उद्या तिचंच नाव उजवीकडे जाणार, आणि मग अकिमचं कोण बघणार? तो तिकडे असेल तर? एवढी वर्षं ती एक जास्तीचं ताट 'ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी' म्हणून देत आली होती. मनात हिशेब असा, की अकिम तिकडे असलाच तर गर्दीत कोपर मारून घेईल. पण अकिम कोपर मारणाऱ्यातला नव्हता, हेही तिला माहीत होतं.

त्या वर्षी शरदातल्या शनिवारच्या आधी पंधरा दिवस नात आली. ओतिलिया इटलीत तोरिनोला म्हाताऱ्यांची देखभाल करायची, आणि दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून तिला आपल्या घराण्याचा वृक्ष करायचं वेड लागलं होतं. फोन पुढे धरून ती नातेवाइकांच्या दारोदार हिंडली. कुणी पणजोबांना सरदार केलं, कुणी घोडेचोर. पणजोबा सरदारांचे घोडे चोरायचे, असा ओतिलियाने समेट केला.

"आजी, अकिमआजोबांच्या सात गोष्टी झाल्या," ती म्हणाली. "आणि फोनवरच्या वृक्षात त्यांच्या नावापुढे मृत्यूचं साल विचारताहेत."

"ते रिकामं ठेव."

"किती दिवस?"

"माझी आई असती तर तिला विचारलं असतंस का असं?" लेओंतिना फटकन म्हणाली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. तिने उठून पेटीतून फोटो काढून दिला. अकिमचा तेवढा एकच होता, कानावर टोपी तिरकी.

डॅन्यूबच्या दोन्ही काठांवरची माणसं जुने फोटो टाकून ओळखी काढतात अशी एक जागा इंटरनेटवर होती. ओतिलियाने फोटो तिथे टाकला. शनिवारच्या आधीच्या गुरुवारी लेओंतिना ताटांसाठी अक्रोड फोडत बसली होती, तेव्हा पोरगी आतून आली आणि फोन हातात धरून समोरच्या स्टुलावर बसली.

"बोल," लेओंतिना म्हणाली. "माझ्या वयाच्या बाईपुढे असा चेहरा घेऊन बसू नये."

पलीकडे नेगोतीनजवळच्या एका गावातून पेर्सिदा नावाच्या बाईने लिहिलं होतं, हे माझे वडील. सोबत दगडाचा फोटो. दगडावर अकिमचं नाव, आणि खाली १९३०–१९८३.

लेओंतिनाने फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. हातोडी खाली ठेवली.

"चौतीस वर्षं," ती म्हणाली. "वर्षाला चार शनिवार. एकशे छत्तीस ताटं." मग म्हणाली, "उपाशी ठेवला गं मी त्याला."

"आजी, त्यांना तिकडे मुलगी आहे. त्यांनी दिलीच असतील ना ताटं."

हे लेओंतिनाला सुचलंच नव्हतं. तिने नाक पुसलं. "लाव फोन. ही पेर्सिदा आपलं बोलते का सर्बियन?"

पेर्सिदा आपलंच बोलत होती, फक्त तिची भाषा जुन्या पेटीच्या तळातून काढल्यासारखी होती. तसे शब्द लेओंतिनाने आईनंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"मी लेओंतिना. अकिमची बहीण."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं.

"कुठली लेओंतिना?"

"अकिमला काय डझनभर होत्या? एकच. मी."

"पण आत्या... राग मानू नका. तुम्ही तर वारलात."

लेओंतिनाने शेजारी फोनला कान लावून बसलेल्या ओतिलियाकडे पाहिलं. ओतिलियाने तोंडावर हात ठेवला होता.

"कधी वारले?"

"बावन्नच्या हिवाळ्यात. त्या मैदानावर. बाबांनी दोन पत्रं लिहिली होती, दोन्ही परत आली, 'घरात कुणी राहत नाही' म्हणून. मग एकजण नदी ओलांडून आला, तो म्हणाला त्या मालगाडीतली लहान मुलं थंडीत गेली." पेर्सिदा घाईघाईने बोलत होती. "आम्ही दर वर्षी तुमचं ताट देतो, आत्या. चारही शनिवारी."

बातमी नदी पोहून आली की अर्धी भिजतेच. त्या थंडीत पोरं गेली होती, हे खरं होतं. फक्त लेओंतिना गेली नव्हती.

"काय देता ताटात?" तिने विचारलं. चौकशी चोख पाहिजे.

"दूध. मधाचा पाव. अक्रोड. पहिल्या वर्षी बाबांनी लाल बूट विकत आणले आणि शेजारच्या मुलीला तुमच्या नावाने दिले. वाईन नाही द्यायची म्हणायचे. ती तेरा वर्षांची आहे म्हणायचे."

"अगं पण पुढे मी मोठी झाले असेन ना!"

"तिकडे वय वाढत नाही ना, आत्या."

"एवढी वर्षं नुसतं दूध!" लेओंतिना म्हणाली. ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं, आणि दोन्हींना ती आवर घालत नव्हती. "तरीच मला भूक म्हणून लागत नाही कधी."

पेर्सिदाला हसू आलं नाही. ती घाबरली होती. "आम्ही तुम्हाला जिवंतपणी मेलेल्यांत वाचलं. काही बाधलं नाही ना?"

"बाधायचं तर एवढ्यात बाधलं असतं. ऐक पोरी. मला तिथून काढ आणि जित्यांत घाल. मी अकिमला इकडून काढते. तुझ्या बापाला मी जिवंत ठेवला होता, त्याने मला मेलेली ठेवली. पुरुषांच्या हातात वही द्यायचीच नसते."

आता मात्र पेर्सिदा हसली, आणि पेर्सिदाचं हसणं ऐकून लेओंतिनाने फोन कानाला जास्त घट्ट धरला. शनिवारी द्यायचं ताट डोळ्यांपुढे येत होतं. ताट द्यायचं तर माणसाला आवडत होतं ते द्यायचं. अकिम कुठे गेला, का गेला, कुठल्या बुटात गेला, याच्या सात गोष्टी घराण्यात होत्या. तो काय खायचा, हे एकाही गोष्टीत नव्हतं.

"त्याला काय आवडायचं गं?"

"खरवड," पेर्सिदा लगेच म्हणाली. "मक्याची मामालिगा हाटून झाली की कढईच्या तळाला करपून धरते ना, ती. गार दुधाबरोबर."

"छे. दुसरं काहीतरी असेल. अकिमला खरवड आवडायची नाही. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मक्याचं पीठ हाटून झालं, की सगळी खरवड काढून तो माझ्यापुढे सरकवायचा. म्हणायचा, तूच खा, माझ्या दातांत अडकते..."



"इथे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत," पेर्सिदा म्हणाली. "आईशी भांडायचे त्यावरून. आई म्हणायची, लहान पोरासारखं काय करताय. तर म्हणायचे, लहान होतो तेव्हा कुठे मिळाली."

शुक्रवारी सकाळी, उजेड चांगला असताना, लेओंतिनाने चष्मा लावून डाव्या पानावरच्या अकिमवर रेघ मारली आणि उजव्या पानावर आईच्या खाली त्याला लिहिलं. ओतिलियाने वृक्षातली रिकामी जागा भरली आणि पेर्सिदाची फांदी काढली. त्या फांदीवर चार नातवंडं निघाली. वृक्ष पडद्यात मावेना.

शनिवारी चर्चच्या अंगणात टेबलं लागली होती. सगळ्यांच्या ताटांत साखर पेरलेले उकडलेले गहू, वेणीसारखे पाव, वाईनची बाटली, मेणबत्ती. लेओंतिनाच्या एका ताटात, नक्षीच्या रुमालावर, करपलेल्या मक्याचे तपकिरी तुकडे होते आणि शेजारी दुधाचा वाडगा.

"अगं बाई!" फिलोफ्तेयावहिनी काठी टेकत आली. "मेलेल्यांना आता खरवड घालायला लागलीस? नात इटलीहून आली आणि घरात पावाचं पीठ नाही?"

"वहिनी, इकडे ये."

"का?"

"ये म्हणते ना."

खरवड सोडून बाकीची बातमी गावाला आदल्या संध्याकाळीच कळली होती; फिलोफ्तेयालाही कळली होती. म्हणून तर ती एवढ्या मोठ्याने बोलत होती. ती आली. लेओंतिनाने रिवाजाप्रमाणे ताट दोन्ही हातांनी पुढे केलं, वर पेटती मेणबत्ती धरली.

"हे अकिमसाठी."

फिलोफ्तेयाने काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी ताट घेतलं. "देवाला पावो," ती म्हणाली, म्हणायचं असतं तसं. मग बाकावर बसली. तिच्या तोंडात चार दात उरले होते. तिने एक तुकडा दुधात बुडवला, मऊ होईपर्यंत धरून ठेवला आणि चघळायला लागली. बायका सूपाच्या टेबलाकडे गेल्या. फादर चिप्रियान कुणाचं तरी पान शोधत होते. लेओंतिना तिच्या शेजारी बसून राहिली. ताट दिलं की खाणाऱ्याला एकटं सोडायचं नसतं.

"मीठ कमी घातलंस," फिलोफ्तेया म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.

"फेब्रुवारीच्या शनिवारी जास्त घालीन," लेओंतिना म्हणाली.