व्यंकटराव सरांच्या उरलेल्या गोळ्या

व्यंकटराव सर पोखर्णीला मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गावाचे डॉक्टर झाले. पदवी म्हणजे स्टीलचा एक डबा. घरात कुणालाही खऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला की सर तिसऱ्या दिवशी तो थांबवायचे आणि राहिलेल्या गोळ्या डब्यात टाकायचे. मग शेजाऱ्याचा खोकला, सुनेचं गळू, बायकोची लघवीची जळजळ, सगळ्यांना त्यातल्याच दोन-दोन. याला ते काटकसर म्हणत. मला विज्ञान याच माणसाने शिकवलं, हे सांगायची लाज वाटते.

परभणीत माझी लॅब आहे. सरांच्या बायकोचा, धुरपताबाईंचा, लघवीचा रिपोर्ट मीच केला. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा. जंतू किडनीपर्यंत पोचले होते. लॅबमध्ये त्या जंतूंवर बारा औषधं लावून पाहिली, दहा निकामी. राहिलेल्या दोनांतलं एक त्यांच्या किडनीला झेपणारं नव्हतं. सर म्हणाले, तुझं मशीन बिघडलंय.

मी तासभर सरांपुढे डोकं फोडलं. हे जंतू एक एन्झाइम तयार करतात, ते औषधाचा रेणूच तोडतं. अर्धवट गोळ्यांनी साधे जंतू मरतात, एन्झाइमवाले तगतात आणि रिकाम्या जागेत त्यांचीच पिलावळ वाढते. न कळलेली पोरं वर्गात हलवतात तशी सर मान हलवत होते. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

दवाखान्यात दहा दिवस सलाइनमधून इंजेक्शन ठरलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी भेटायला गेले तर सर पिशवी भरत होते. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, असं लिहूनही दिलं होतं. इंजेक्शनच्या उरलेल्या बाटल्या म्हणे घरच्या फ्रीजमध्ये ठेवू, पुढच्या वेळी कामी येतील. अर्धवट सोडून हेही औषध निकामी झालं तर बाईंना द्यायला काही उरणार नाही, असं मी सांगितलं.

"तू अजून पाठ केलेलंच बोलतीस, प्रमोदिनी," सर हसले.

धुरपताबाई उठून बसल्या. पिशवी ओढून त्यांनी एकेक बाटली परत टेबलावर मांडली.

"औषधाचे तुकडे कशानं होयलेत ते मी ऐकलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी जा घरी. दहा दिवस झाल्याबिगर मी इथून हलत न्हाई."

मी समजूत घालावी म्हणून सर माझ्याकडे बघू लागले. मला मात्र माझीच चीड आली. किडनी बाईंची, जीव बाईंचा, आणि मी शहाणी तासभर सरांना समजावत बसले होते.